संथ ब्राउझर आणि एका रांगेचा इतिहास

वेबपान उघडायला उशीर होऊ लागला की घराघरांत संशयितांची यादी ठरलेली असते. संगणक जुना झाला असेल. मेमरी भरली असेल. एखादा विषाणू घुसला असेल. नाहीतर इंटरनेट पुरवणारी कंपनी पैसे घेते तेवढा वेग देत नसेल. मग कोणी ब्राउझर काढून पुन्हा बसवतो, कोणी मेमरीची चकती वाढवून घेतो, कोणी दुप्पट पैसे भरून दुप्पट वेगाची योजना घेतो. शाळेच्या तुटपुंज्या निधीतून असा खर्च झाला आणि पान पूर्वीइतकेच रेंगाळत उघडले, तर मुख्याध्यापकांना उत्तर देणे अवघड जाते.

यातले काही संशय अगदी रास्त असतात. मेमरी अपुरी पडली की संगणक आपला वेळ हार्डडिस्कवर माल ठेवण्यात आणि उचलण्यातच घालवतो. या प्रकाराचा अभ्यास पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच प्रसिद्ध केला होता. ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक साधनेही मेमरी धरून बसतात. २०१२ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या फायरफॉक्सच्या १५ व्या आवृत्तीत अशा साधनांनी अडवलेली मेमरी सोडवून घेण्याची व्यवस्था मुद्दाम करावी लागली. पण हे सगळे तपासून झाल्यावरही एक गुन्हेगार उरतो. तो संगणकात नसतो आणि दूरच्या सर्व्हरमध्येही नसतो. त्याचा माग लागायला पंचवीस वर्षांच्या आसपास वेळ गेला. तो सापडला एका अनुभवी अभियंत्याच्या स्वतःच्या घरात, आणि तोही मुलांच्या तक्रारीमुळे. या लेखात त्याचीच हकिगत सांगायची आहे.

वेग आणि विलंब

आधी एक घोळ मिटवू. जोडणीचा ‘वेग’ म्हणून कंपन्या जो आकडा सांगतात तो खरे तर वेग नव्हे, ती वहनक्षमता आहे. एका सेकंदात किती बिट वाहून नेता येतील एवढेच तो सांगतो. पहिला बिट निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ लागेल, हा प्रश्न वेगळा आहे. त्याला विलंब म्हणू. नळाची तोटी रुंद असली म्हणून धरणातले पाणी लवकर निघत नाही.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९६०० बिट मिळत. ३० किलोबाइटचे एक साधे चित्र म्हणजे सुमारे २ लाख ४६ हजार बिट. भागाकार करा: २५ सेकंदांहून थोडे जास्त. त्या काळी ब्राउझरमधील चित्रे बंद ठेवून नुसता मजकूर वाचणे ही काटकसर पुष्कळ जण करीत, आणि ती योग्यच होती. तिथे अडचण खरोखर वहनक्षमतेची होती.

आता दुसरे गणित करू. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साडेबारा हजार किलोमीटर धरले, तर अगदी सरळ तंतू टाकला तरी संदेश जाऊन उत्तर यायला १२५ मिलिसेकंद लागणारच. इथे कितीही पैसे मोजले तरी सूट मिळत नाही. विषुववृत्तावरील भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्या मार्गाने जाऊन येण्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. अकरावीच्या विद्यार्थ्यांकडून ही दोन्ही उत्तरे काढून घ्यावीत.

माणसाला किती विलंब जाणवतो? आयबीएममधील रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये याची चर्चा केली. पुढे याकोब नील्सन यांनी १९९३ मध्ये जे तीन टप्पे लोकप्रिय केले ते आजही वापरले जातात. दशांश सेकंदाच्या आत उत्तर आले तर ते ‘लगेच’ वाटते. एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर लक्षच उडते. ज्याने वर्गात फळ्याकडे पाठ करून दहा सेकंद काढले आहेत त्याला याचा पुरावा लागणार नाही.

बर्कलेची टेकडी, १९८६

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कले येथील आवार आणि त्याच्या वरच्या टेकडीवरील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा यांत अंतर ४०० यार्डांचे, म्हणजे दोन फर्लांगांच्या आतले. ऑक्टोबर १९८६ मध्ये या दोन ठिकाणांमधील संगणकांची जोडणी एकाएकी आचके देऊ लागली. एरवी सेकंदाला ३२ हजार बिट जात, ते ४० वर आले. ४० बिट म्हणजे ५ अक्षरे. सराईत टंकलेखक याच गतीने टंकलेखन करतो. एखाद्या मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन टेकडीवर पिटाळले असते तर मजकूर लवकर पोचला असता.

प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातील माइक कॅरेल्स यांनी शोध घेतला. तारा ठीक होत्या, यंत्रेही ठीक होती. दोष होता संगणकांच्या वागण्यात.

इंटरनेटवर कोणताही मजकूर छोट्या छोट्या पॅकेटांत तोडून पाठवतात. पॅकेट मिळाले की घेणारा पोच पाठवतो. ठरावीक वेळात पोच आली नाही तर पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. हा नियम एकट्यापुरता शहाणपणाचा आहे. पण वाटेत गर्दी झाली की पोच उशिरा येते. प्रत्येक संगणक ‘हरवले वाटते’ असे समजून दुसरी प्रत पाठवतो, त्याने गर्दी वाढते, पोच आणखी उशिरा येते, मग तिसरी प्रत. शेवटी तारेवर प्रतींच्या प्रतीच धावत राहतात आणि उपयोगाचे काही पोचत नाही. असे होईल हे जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवले होते, पण इशारे बहुधा घटना घडून गेल्यावरच वाचले जातात.

जेकबसन यांचा उपाय १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठवणाऱ्याने सुरुवात हळू करावी: एक पॅकेट, त्याची पोच आली की दोन, मग चार, मग आठ. असे वाढवत असताना एखादे पॅकेट हरवले तर समजावे की वाट भरली, आणि लगेच मोठी माघार घ्यावी. मग पुन्हा सावकाश वाढवावे. कोणी पोलीस नाही, कोणी नियंत्रक नाही. प्रत्येकाने आपापल्या हरवलेल्या पॅकेटावरून गर्दीचा अंदाज घ्यायचा. आजतागायत इंटरनेट कोलमडलेले नाही याचे मोठे श्रेय या साध्या शिस्तीला आहे.

यातले एक वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे: पॅकेट हरवणे हाच गर्दीचा निरोप. पुढची सारी गोष्ट या निरोपाभोवती फिरते.

एक पान, अनेक फेऱ्या

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न येथे १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर चालवला तेव्हा वेबपान म्हणजे मुख्यतः मजकूर होता. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांच्या मोझेकने मजकुराच्या पोटातच चित्रे दाखवायला सुरुवात केली, आणि लोक वेबवर तुटून पडले. पण त्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रत्येक चित्रासाठी नवी जोडणी करावी लागे. नवी जोडणी म्हणजे आधी एक जाऊन येऊन ओळखदेख, मग मागणी, मग उत्तर, आणि शिवाय जेकबसन यांच्या नियमाने दरवेळी सुरुवात हळू! वीस चित्रांचे पान म्हणजे वीस वेळा ओळखदेख. १९९४ च्या अखेरीस आलेल्या नेटस्केपने एकदम चार जोडण्या उघडून आणि येईल तसतसा मजकूर दाखवून यातून पळवाट काढली. नाहीतर लोकांनी या प्रकाराला ‘जागतिक प्रतीक्षा’ असे टोपणनाव दिलेच होते.

१९९७ मध्ये वेब मानके ठरवणाऱ्या संघटनेतील मंडळींनी एक प्रयोग केला. त्या वेळच्या दोन प्रसिद्ध कंपन्यांची मुखपृष्ठे एकत्र करून त्यांनी एक चाचणीचे पान बनवले. त्यात ४२ किलोबाइट मजकूर आणि एकूण १२५ किलोबाइटची ४२ चित्रे होती. एकाच जोडणीवरून, उत्तराची वाट न पाहता, सर्व मागण्या एकामागून एक पाठवल्या तर लागणारी पॅकेटे निम्म्याहून कमी होतात असे त्यांना दिसले. मात्र जोडणी एकच ठेवून प्रत्येक उत्तरासाठी थांबत बसले, तर चार जोडण्यांच्या जुन्या पद्धतीपेक्षाही उशीर होई. वेळ जातो तो बिट वाहण्यात नव्हे, वाट पाहण्यात, हे यावरून स्पष्ट झाले.

या प्रयोगात आणि वेबचे सुधारित नियम लिहिण्यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी एक होते जिम गेटिस. यांचे नाव ध्यानात असू द्या. १९८० च्या दशकात एमआयटीत संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांची एक्स ही प्रणाली उभी करणाऱ्यांत ते होते. नंतर मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवण्याच्या प्रकल्पात ते होते. (त्या प्रकल्पाची भारतातली पहिली शाळा २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर सुरू झाली होती.) वेबपान संथ का होते हे जगात ज्यांना नीट ठाऊक असावे अशा पाचपंचवीस माणसांत त्यांची गणना व्हावी. आणि नेमके त्यांच्याच घरी इंटरनेट संथ झाले.

गेटिस यांच्या घरी

हे २०१० सालचे. गेटिस तेव्हा बेल लॅबमध्ये होते आणि मॅसॅच्युसेट्समधील आपल्या घरून काम करीत. त्यांची जोडणी चांगल्या क्षमतेची होती, यंत्रसामग्री चांगली होती. तरी अधूनमधून मुले येऊन सांगत की आज इंटरनेट फार हळू आहे. गेटिस उठून तपासायला बसत तोवर सारे सुरळीत झालेले असे. ज्याला घरच्या बिघाडाचा अनुभव आहे त्याला हे नवे नाही. मिस्त्री दारात आला की मिक्सर चालू होतोच.

एकदा ते जुन्या संचिकांचा मोठा गठ्ठा घरून एमआयटीतील संगणकाकडे पाठवत होते. तो सर्व्हर काही मैलांवर होता. पॅकेट जाऊन पोच यायला १० मिलिसेकंदांच्या आसपास लागायला हवे होते. पाठवणे चालू असताना त्यांनी ‘पिंग’ने मोजले, तर आकडा एका सेकंदाच्या वर! म्हणजे शंभरपटीहून अधिक.

पिंगविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढे ते आपल्या कामाला येणार आहे. अमेरिकन सैन्याच्या एका प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधण्यासाठी ध्वनीचा ठोका सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतात, त्या ठोक्याच्या आवाजावरून हे नाव आले. एक पॅकेट पाठवायचे आणि ते परत यायला किती वेळ लागला ते छापायचे, एवढेच त्याचे काम. म्यूस यांनी तो लिहिला प्रयोगशाळेच्या जाळ्यातला एक बिघाड शोधायला. पण त्यांचे लिहून होईपर्यंत बिघडलेला भाग कोणीतरी शोधून बदललाही होता. ज्या कामासाठी केला त्या कामाला आला नाही, आणि उरलेल्या जगाच्या मात्र कायमचा उपयोगी पडला.

आता गेटिस यांच्या हातात चोराचे पाऊल होते. गठ्ठा पाठवणे चालू असताना विलंब वाढतो, थांबले की नाहीसा होतो. म्हणजे मुलांचे इंटरनेट संथ करणारे ते स्वतःच होते! आणि तपासायला उठेपर्यंत गठ्ठा पोचलेला असे, म्हणून पुरावा सापडत नसे. त्यांनी येणारे-जाणारे प्रत्येक पॅकेट नोंदवून आलेख काढले. कंपनीच्या अभियंत्यांशी बोलले. नातेवाइकांकडे, वेगळ्या कंपनीच्या आणि वेगळ्या तंत्राच्या जोडणीवर, तोच प्रयोग केला आणि तिथेही तेच दिसले. मग त्यांनी हे आलेख जाणकारांना दाखवले. त्यांत एक होते व्हॅन जेकबसन.

चोवीस वर्षांपूर्वी टेकडीवरचा घोळ सोडवणारा माणूस पुन्हा कथेत आला, कारण बिघडला होता त्याचाच निरोप.

गिरणीतले डबे

एक पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. चक्की एक, तासाला ठरावीक किलो दळण. दारात एकच फळी, तिच्यावर सहा डबे मावतात. फळी भरली की गिरणीवाला म्हणतो, ‘ताई, आज नको, डबा परत न्या.’ डबा परत गेला की गर्दी कळते. लोक थोडे थांबून येतात. फळी मात्र हवीच. ती नसेल तर दोन गिऱ्हाइके एकदम आली की एकाला परत जावे लागेल आणि मध्येच चक्की रिकामी फिरेल.

आता लाकूड स्वस्त झाले म्हणून गिरणीवाल्याने मागे मोठा माळा बांधला. तिथे दोनशे डबे मावतात. आता तो कोणालाच नाही म्हणत नाही. चक्की तीच आहे, तासाला दळण तेवढेच आहे, पण तुमचा डबा रांगेत एकशे नव्वदावा आहे. ‘आमच्याकडून एकही डबा परत जात नाही’ अशी पाटी त्याने लावली तर ती खरीच असेल. आणि कोणी लग्नघरातून दोन क्विंटल गहू आणून टाकला, तर त्यामागे आलेल्या आजीबाईंच्या शेरभर ज्वारीला संध्याकाळ होणार.

राउटरमध्ये आणि मोडेममध्ये अशीच फळी असते, तिला बफर म्हणतात. २००० नंतर मेमरी इतकी स्वस्त झाली की उत्पादकांनी बफर मोठमोठे केले. पॅकेट हरवणे वाईट, म्हणून जितकी जागा जास्त तितके बरे, असा सरळसाधा हिशेब होता. आकडे घालून पाहा. घराबाहेर माल पाठवण्याची क्षमता सेकंदाला १० लाख बिट आणि मोडेममधील बफर २५६ किलोबाइट असेल, तर भरलेला बफर म्हणजे सुमारे २१ लाख बिट. तो रिकामा व्हायला २.१ सेकंद लागतील. म्हणजे त्यानंतर आलेल्या प्रत्येक पॅकेटाला दोन सेकंद रांगेत उभे राहणे आले, मग त्याचे पुढचे काम कितीही छोटे असो. लिनक्स प्रणालीतच त्या वेळी जाळ्याकडे जाणाऱ्या रांगेची नेहमीची लांबी १००० पॅकेटांची असे. १५०० बाइटचे एक, असा हिशेब केला तर याच जोडणीवर १२ सेकंदांचा साठा झाला.

आता जेकबसन यांचा नियम आठवा. पॅकेट हरवले की माघार घ्यायची. पण माळा भरेपर्यंत पॅकेट हरवतच नाही! पाठवणाऱ्याला वाटते, वाट मोकळी आहे, आणि तो आणखी पाठवत राहतो. शेवटी केव्हातरी पॅकेट पडते, पण त्याची बातमीही याच लांब रांगेमागून उशिरा पोचते. १९८८ ची शिस्त चुकीची नव्हती, तिचे कानच बुजवले गेले होते. ज्याला चांगुलपणा म्हणून सुरुवात झाली त्याचा हा परिणाम.

ब्राउझरवर याचा मार दुप्पट बसतो. एका पानासाठी आधी नावाचा पत्ता विचारायचा, मग ओळखदेख, मग सुरक्षिततेची बोलणी, मग मागणी. एकामागून एक अशा दहा फेऱ्या झाल्या आणि प्रत्येकीला १० मिलिसेकंद लागले तर एकूण दशांश सेकंद, म्हणजे नील्सन यांच्या भाषेत ‘लगेच’. तीच प्रत्येकीला १.२ सेकंद लागली तर १२ सेकंद. म्हणजे लक्ष उडाले. आणि गंमत पाहा, याच वेळी वेग मोजणारे संकेतस्थळ पूर्ण वेग दाखवते. ते खोटे बोलत नाही. ते दळणाचे किलो मोजते, तुमच्या डब्याचा नंबर विचारत नाही.

गेटिस यांनी या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हणजे बफरला आलेली सूज असे नाव दिले. ती सूज त्यांच्याच घरापुरती नव्हती. बर्कलेच्या संशोधकांनी नेटालायझर नावाच्या चाचणीतून सुमारे १ लाख ३० हजार मोजण्या गोळा करून २०१० मध्येच प्रसिद्ध केल्या होत्या. घरगुती जोडण्यांमधील अवाजवी मोठे बफर त्यांतही उठून दिसत होते. आणि जॉन नेगल? त्यांनी डिसेंबर १९८५ मध्ये आणखी एक टिपण लिहिले होते, अमर्याद साठवण असलेल्या जाळ्याविषयी. असे जाळे गर्दीत उपयोगी पडण्याऐवजी निकामी होईल, हे त्यात गणिताने दाखवले होते. पंचवीस वर्षे ते टिपण सर्वांना खुले होते. ‘मेमरी अमर्याद असती तर’ हा प्रश्न १९८५ मध्ये केवळ तात्त्विक वाटला असणार.

सूज उतरवणे

मग माळा पाडून पुन्हा सहा डब्यांची फळी बसवली म्हणजे झाले ना? तसे नाही. चक्की दिवसात कधी जोरात तर कधी हळू चालत असेल, तर किती लांबीची फळी योग्य? घरातील वायफायची क्षमता तर दार उघडल्या-मिटल्यानेही बदलते. सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी १९९३ मध्ये रांग वाढू लागताच अधूनमधून पॅकेट टाकून देण्याची एक युक्ती सुचवली होती. पण तिच्यात हाताने बसवायचे आकडे फार. ते कोण बसवणार? बहुतेकांनी ती बंदच ठेवली.

कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही रीत मांडली. तिच्यातली कल्पना मला फार देखणी वाटते. रांगेची लांबी मोजूच नका, प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ उभे होते ते मोजा. प्रत्येक डब्यावर आल्याची वेळ लिहून ठेवावी तसे. रांग क्षणभर वाढली तर हरकत नाही, ती फळीचे कामच करते आहे. पण सलग १०० मिलिसेकंद एकही पॅकेट ५ मिलिसेकंदांच्या आत बाहेर पडले नाही, तर समजावे की ही रांग कायमची होऊन बसली. मग एक पॅकेट टाकून द्या. तेवढ्याने भागले नाही तर थोड्या कमी अंतराने दुसरे. हाताने बसवायचे काही नाही, आणि जेकबसन यांच्या जुन्या शिस्तीला हवा तो निरोप वेळेवर मिळतो.

याच्या जोडीला नेगल यांनी १९८५ च्या त्याच टिपणात सुचवलेली गोष्टही आली: प्रत्येक घराची रांग वेगळी, आणि गिरणीवाल्याने पाळीपाळीने एकेका रांगेतला डबा घ्यायचा. मग लग्नघराचा गहू खुशाल दळत राहो, आजीबाईंची ज्वारी पाच मिनिटांत मोकळी. या दोन्हींचा मेळ घातलेली रीत २०१२ मध्ये लिनक्समध्ये आली आणि जानेवारी २०१८ मध्ये तिचे अधिकृत टिपण प्रसिद्ध झाले. डेव्ह टाट आणि त्यांच्यासोबतच्या स्वयंसेवकांनी घरगुती राउटरांवर वर्षानुवर्षे हे प्रयोग केले. टाट १ एप्रिल २०२५ रोजी वारले. जेकबसन यांच्यासह गूगलमधील एका गटाने २०१६ मध्ये, पॅकेट हरवण्याची वाटच न पाहता वेग ठरवण्याची आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली.

अडचण एवढीच की ज्या पेटीत रांग उभी राहते त्याच पेटीत उपाय बसवावा लागतो. जुनी पेटी तशीच असेल तर तिच्या मागचा संगणक कितीही नवा घ्या, उपयोग नाही. म्हणून काही राउटरांत अशी सोय असते की जोडणीच्या क्षमतेहून किंचित कमी मर्यादा आपणच घालून घ्यावी. मग रांग मोडेममधल्या माळ्यावर न चढता आपल्या राउटरमध्ये राहते, आणि तिथे शहाणी रीत चालू करता येते. क्षमतेतला थोडा भाग सोडून पान लवकर उघडते. हे ऐकणाऱ्याला पटत नाही, करून पाहिल्यावर पटते.

करून पाहा

२०२०-२१ च्या टाळेबंदीत घरून शिकवताना आपला आवाज तुटत असे, तेव्हा घरातले कोणी व्हिडिओ पाठवत होते का, हे आता सांगता येणार नाही. पण आजचे तपासता येते. संगणकाच्या आज्ञा-खिडकीत पिंग हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पुढे राउटरचा पत्ता द्या आणि पंधरावीस आकडे वहीत उतरवून घ्या. हे आकडे लहान असायला हवेत. तेच मोठे आणि वरखाली होणारे असतील तर दोष वायफायचा. संगणक तारेने जोडून पुन्हा पाहा. नंतर बाहेरच्या एखाद्या परिचित संकेतस्थळाला पिंग करा. हा झाला शांत वेळचा विलंब. आता दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून, त्याच जोडणीवर, एखादी मोठी व्हिडिओ फाइल बाहेर पाठवायला लावा आणि पिंग चालूच ठेवा. आकडे ३० चे ४० झाले तर तुमची पेटी निरोगी आहे. ३० चे ८०० झाले तर सूज आहे, आणि जास्त क्षमतेची योजना घेण्यापूर्वी राउटरकडे पाहणे स्वस्त पडेल. पाठवणे थांबवल्यावर आकडे किती वेळात खाली येतात तेही नोंदवावे. त्यावरून बफर किती मोठा असेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांना वरच्याच सूत्राने काढता येईल.

काही संकेतस्थळे पिंगला उत्तर देत नाहीत, शाळेची सुरक्षाभिंतही कधी ते अडवते. तेव्हा एक सोडून दुसरे नाव वापरून पाहावे. आणि आकडे शांत वेळीही, भार टाकल्यावरही चांगलेच आले, पण पान मात्र रेंगाळत असेल, तर जाळ्याला सोडून द्या. ब्राउझरमध्ये किती टॅब उघडे आहेत ते मोजायला घ्या.